शेवटी एक पात्र खाल्ले गेले असे सुचवणारे चित्रपुस्तक चार वर्षांच्या मुलीला वाचून दाखवावे का?

हो, वाचून दाखवावे, आणि शेवट न बदलता वाचून दाखवावे. तुम्ही लिहिले आहे की जॉन क्लासन यांच्या २०११ सालच्या ‘आय वॉन्ट माय हॅट बॅक’ या पुस्तकात अस्वलाची टोपी चोरणारा ससा खोटे बोलतो, अस्वल त्याला बहुधा खाऊन टाकते आणि खारीने चौकशी केल्यावर तेही सशासारखेच खोटे बोलते. हे पाहून मुलीला खोटेपणा आणि सूड योग्य वाटू लागतील, अशी तुम्हाला भीती वाटते. नेमका हाच वाद आमच्या घरात बरीच वर्षे चालू असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीत घरातली सगळी मुले साताऱ्याला जमतात, तेव्हा दुपारी पुस्तके वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असते. एका दिवाळीत मी क्लासन यांचेच ‘धिस इज नॉट माय हॅट’ मराठीतून सांगत होते. २०१२ साली निघालेल्या या पुस्तकाला पुढे अमेरिकेतले कॅल्डेकॉट आणि ब्रिटनमधले केट ग्रीनअवे ही दोन्ही पदके मिळाली. त्यात एक चिमुकला मासा झोपलेल्या मोठ्या माशाची टोपी चोरून पळत असतो आणि आपली हकिकत स्वतःच सांगत असतो: मोठा मासा जागा होणार नाही, झालाच तरी टोपी गेल्याचे त्याच्या लक्षात येणार नाही. शब्द असे सांगत असताना चित्रात मात्र मोठ्या माशाचा डोळा उघडतो, नजर डोक्याकडे वळते आणि मग बारीक होते. चोरी करणे वाईट हे मला ठाऊक आहे, पण टोपी मी ठेवून घेणार, असेही छोटा मासा सांगून टाकतो. वाटेत एक खेकडा त्याला पाहतो, कोणाला सांगणार नाही असे कबूल करतो आणि नंतर मोठ्या माशाला नांगीने दिशा दाखवतो. शेवटी दोघेही दाट पाणवनस्पतींत शिरतात, शब्द थांबतात आणि टोपी घातलेला मोठा मासा एकटाच बाहेर येतो.

पुस्तक संपताच मुलांमध्ये जी चर्चा सुरू झाली, ती मी आजही जपून ठेवली आहे. एकाचे म्हणणे, छोट्याला खाल्ले. दुसऱ्याचे म्हणणे, तो टोपी टाकून पळाला आणि अजून त्या झाडोऱ्यातच बसला आहे. त्यानंतर मुले खेकड्याकडे वळली आणि तिथे खरा पेच होता: वचन मोडले म्हणून तो वाईट, की चोर दाखवून दिला म्हणून चांगला? थोरल्या जाऊबाईंची नात तेव्हा साडेचार वर्षांची होती. ती म्हणाली, खेकडा घाबरला होता, आणि घाबरलेल्याला चांगला किंवा वाईट म्हणता येत नाही. एवढ्या लहान मुलीने इतके नेटके मांडलेले मत मी मोठ्यांच्या बैठकीतही क्वचितच ऐकले आहे.

तेवढ्यात जाऊबाईंनी पुस्तक माझ्या हातून घेतले. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका, त्यांचा शब्द घरात शेवटचा. “तू मुलांना काय ऐकवते आहेस?” असे मला विचारून त्यांनी मुलांना सांगितले की मोठ्या माशाने छोट्याला क्षमा केली, छोट्याने पुन्हा चोरी न करण्याचे वचन दिले, आणि चोरीचे फळ कधीही गोड नसते. नातीने शेवटची पाने पुन्हा उलटून पाहिली आणि विचारले, “आजी, हे कुठल्या चित्रात आहे?” उत्तर मिळाले नाही. मुले उठून अंगणात गेली आणि त्या दुपारची चर्चा तिथेच संपली.

जाऊबाईंचे म्हणणे असे की कोवळ्या वयात बरे काय आणि वाईट काय हे ठसले पाहिजे, अधलेमधले मोठेपणी कळते. हे म्हणणे मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही, कारण आपण मुलांना अधलेमधले कधी दिले नाही, हेच खरे नाही. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ म्हणणारी म्हातारी वाघाला सरळ फसवते: लेकीकडून लठ्ठ होऊन येते, मग मला खा, असे सांगून सुटते आणि परतताना भोपळ्यात लपते. या खोटेपणाबद्दल तिला कोणी शिक्षा करत नाही, उलट आपण टाळ्या वाजवतो. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा पावसात भिजत दाराशी उभा असताना चिमणी बाळाची अंघोळ आणि तीट यांची कारणे सांगत त्याला ताटकळत ठेवते, काही घरांत तर त्याला चटकाही बसतो, तरीही ती चिऊताईच राहते. माशांना दुसऱ्या तळ्यात नेतो असे सांगून एकेकाला खाणारा बगळा आणि त्याची मान कापणारा खेकडा तर जाऊबाईंनी वर्गात कित्येक वर्षे शिकवला. मान कापली जाते ती गोष्ट बाळबोध, आणि जिथे कोणाला इजा झालेली दिसतही नाही ती गोष्ट अनिष्ट, हा न्याय मला समजत नाही.

वयाचेही पाहा. १९८३ साली हाइन्त्स विमर आणि योझेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली होती. मॅक्सी बाहेर गेलेला असताना आई त्याचे चॉकलेट एका कपाटातून दुसऱ्या कपाटात ठेवते. तो परत आल्यावर ते कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले बहुधा नव्या कपाटाकडे बोट दाखवतात. दुसऱ्याच्या मनात चुकीची समजूत असू शकते, हे साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी उमगू लागते. ज्या पुस्तकात चोर एक सांगतो आणि चित्र दुसरेच दाखवते, ते याच वयाच्या मुलाला गोष्ट सांगणाऱ्या चोराच्याही एक पाऊल पुढे नेऊन ठेवते, आणि त्यातूनच त्याला हसू येते. सशाचे अडखळणारे बोलणे अस्वलाच्या तोंडी आल्यावर तुमची मुलगी हसली, तर ते खोटे आहे हे तिने ओळखले म्हणून हसली.

मी स्वतः लहान मुलांना देणार नाही ते पुस्तक याच्या अगदी उलट आहे. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमन यांनी १८४४ च्या नाताळासाठी आपल्या तीन वर्षांच्या मुलाकरिता वही तयार केली. पुढच्या वर्षी छापलेले ते पुस्तक ‘श्ट्रुवेलपेटर’ म्हणून जगभर गेले. त्यात आगकाड्यांशी खेळणारी मुलगी जळून राख होते, आणि अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी मोठ्या कात्रीने कापून टाकतो. हॉफमन यांना त्यात गंमत अभिप्रेत होती, हे मी मान्य करते. पण तिथे नीतीबद्दल तिळमात्र संदेह नाही, निकाल आधीच लागलेला आहे, आणि मुलाने फक्त घाबरायचे आहे. मला भीषणतेपेक्षा हे धाक घालणे अधिक घातक वाटते.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात. घरात नुकताच कोणाचा मृत्यू झाला असेल तर हे पुस्तक काही महिने बाजूला ठेवावे. मुलीने स्वतः पुस्तक मिटले तर आग्रह धरू नये. एखाद्याचा रंग, जाडी किंवा अपंगत्व हाच ज्यात विनोद असतो, ती पुस्तके मी घरात येऊ देत नाही. त्यांना काळा विनोद म्हणून माफी मिळू नये. आणि सगळीच मुले हसतील असे नाही, एखादे सशासाठी रडेल. तेव्हा त्याला जवळ घ्यावे, पण ससा वाचला असे सांगू नये.

तुमच्या घरीही कोणी वडीलधारे गोड शेवट जोडू लागले, तर मान राखून, पण मुलीच्या समोरच सांगा की पुस्तकात असे लिहिलेले नाही. मी त्या दुपारी गप्प बसले, कारण त्या थोरल्या होत्या. आता दिवाळीत त्या पुस्तकाकडे हात करू लागल्या की मी म्हणते, “जाऊबाई, आधी मुलांना बोलू द्या.” त्यांना ते अजून आवडत नाही.