छोट्या कॅमेऱ्याची बटणं, लेन्स आणि आटे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो. शिवाय दोघांचा फोटो काढला की चेहरे पुसट आणि मागची भिंत स्पष्ट येते. कॅमेरा बिघडलाय का?

उत्तर : बहुधा नाही. शटरचं बटण दोन टप्प्यांचं असतं. अर्धं दाबल्यावर कॅमेरा उजेड मोजतो आणि आतली भिंगं सरकवून फोकस जुळवतो. पूर्ण दाबल्यावर फोटो घेतो. तुम्ही ते एका दमात तळापर्यंत दाबत असाल, तर फोकस जुळेपर्यंत फोटो अडून राहतो. तोच हा उशीर. आणि दोघं शेजारी उभे असले की फ्रेमच्या मधोमध नेमकी त्यांच्यामधली भिंत येते. फोकस मधल्या चौकटीवर ठेवलेला असेल तर कॅमेरा ती भिंतच धरतो.

पडद्यावरची मधली चौकट एका चेहऱ्यावर आणा. बटण हळूच दाबा आणि बोटाला किंचित अडल्यासारखं वाटेल तिथे थांबा. चौकट हिरवी होते, बऱ्याच कॅमेऱ्यांत बीपही वाजतो. आता बोट न उचलता फ्रेम हवी तशी सरकवा आणि उरलेलं बटण दाबा. बोट मध्येच उचललं तर फोकस सुटतो, पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. चौकट लाल किंवा पिवळी झाली तर फोकस जुळलेला नाही असं समजा : वस्तू फार जवळ आहे, उजेड कमी आहे, किंवा समोर नुसता सपाट रंग आहे. फुलाचा वगैरे जवळून फोटो घेताना मॅक्रो, म्हणजे जवळच्या फोटोंची सेटिंग, लावा आणि झूम पूर्ण मागे घ्या. तसं केल्यावर अनेक कॅमेरे ५ सेंमीपर्यंत जवळ जाऊ देतात. झूम पुढे नेलात की तेच अंतर कितीतरी वाढतं.

बटणावर बोट आपटू नका. या कॅमेऱ्यांचं वजन दोन-तीनशे ग्रॅम, त्यामुळे वरून बसलेला धक्का थेट फोटोत उतरतो. बोटाचं पेर बटणावर टेकवून ठेवा, दुसऱ्या हाताचा अंगठा कॅमेऱ्याच्या खाली लावा आणि नुसता दाब वाढवत न्या.

प्रश्न : खिशातून काढून चालू केला की लेन्स अर्धीच बाहेर येते आणि ‘लेन्स एरर’ असा संदेश येतो. घरी काही करता येईल का?

उत्तर : थोडंफार येईल. लेन्सच्या नळ्या एकात एक बसलेल्या असतात आणि इवलीशी मोटर बारीक दातेरी चाकांवरून त्या बाहेर ढकलते. ठरल्या वेळात लेन्स जागेवर पोचली नाही की कॅमेरा थांबतो. कारणं नेहमीचीच : नळ्यांच्या फटीत वाळूचा कण, उतरलेली बॅटरी, पडल्यामुळे तिरकी झालेली नळी, किंवा खिशात चुकून चालू झाल्याने लेन्स कापडाला अडणं.

बॅटरी काढा, काही मिनिटांनी पूर्ण चार्ज करून घाला. लेन्स जमिनीकडे धरून चालू करा, म्हणजे सैल कण खाली पडेल. बाहेर आलेल्या नळीभोवतीच्या फटीत रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, आत ओल जाते. तेल तर अजिबात नको; ते भिंगावर पसरतं आणि धूळ धरून ठेवतं. नळी हाताने ओढू नका. कॅमेरा बाजूने डोळ्यांसमोर धरून पाहा : नळीभोवतीची फट एका बाजूला जास्त दिसली तर नळी तिरकी झाली आहे. मग पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्यात चाकांचे दाते तुटतात, सरळ दुरुस्तीला द्या. नवा कॅमेरा घेताना चालू-बंदचं बटण पृष्ठभागाच्या वर आलेलं नाही ना, तेवढं बोट फिरवून बघा. खिशात चालू होण्याचा त्रास त्यानेच बराच टळतो.

प्रश्न : ट्रायपॉडचं भोक लेन्सखाली न देता कोपऱ्यात का? आणि स्क्रू पूर्ण पिळूनही कॅमेरा हलतो.

उत्तर : मधल्या जागेत लेन्स आणि सेन्सर असल्याने खोल भोकाला तिथे जागा उरत नाही. आटे ठरलेल्या मापाचे, पाव इंची असतात. पण भोकाची खोली कमी. तुमचा स्क्रू लांब असणार, म्हणून तो तळाला टेकतो आणि ट्रायपॉडची प्लेट, म्हणजे कॅमेरा ज्यावर बसतो तो सपाट भाग, सैलच राहते. आणखी पिळलंत तर भोकाचा तळ फुटेल किंवा आटे जातील. प्लेट आणि कॅमेरा यांच्यामध्ये रबराचा वॉशर घाला, हाताने घट्ट होईल तेवढंच पुरे. फोटो घेताना २ सेकंदांचा टायमर लावा.

प्रश्न : कार्डात जागा असूनही ‘कार्ड लॉक आहे’ असं येतं.

उत्तर : एसडी कार्डाच्या कडेची बारीक खिट्टी खाली सरकली आहे. ती वर, म्हणजे कार्डाच्या कापलेल्या कोपऱ्याच्या बाजूला ढकला. खिट्टी सैल होऊन कार्ड घालतानाच सरकत असेल, तर आतले फोटो उतरवून घ्या आणि कार्ड बदला.