रक्तदाबाची ॲम्लोडिपिन गोळी सुरू करून चार दिवस झाले, फरक दिसत नाही. डोस वाढवू का?

नाही. आणि स्वतःच्या मनाने तर कधीच नाही.

माझ्या आईला सत्तरीत थायरॉइड निघाला. डॉक्टरांनी वय बघून मुद्दाम कमी, 25 मायक्रोग्रॅमची गोळी दिली आणि सहा आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून या म्हणाले. दादाला धीर कुठला! 'दहा दिवस झाले, आई तशीच मलूल आहे' म्हणत त्याने दोन गोळ्या सुरू केल्या, पुढच्या आठवड्यात चार. मी अडवलं तर म्हणाला, तुला काय कळतं. महिना संपता संपता आईची छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले, झोप उडाली. गोळी थांबवली की दोन दिवसांत बरं वाटेल असं आम्ही धरून चाललो होतो. पंधरा दिवस गेले त्यात.

थायरॉइडची ही गोळी रक्तात निम्मी व्हायलाच साधारण आठवडा लागतो. कालची बरीचशी शिल्लक असताना आजची पोटात जाते, म्हणून साठा चढत राहतो. निम्मं होण्याचे असे पाचेक टप्पे गेले की मगच रोज येणारं आणि रोज जाणारं औषध सारखं होतं. दादा 'काही होत नाही' म्हणत होता तेव्हा पहिल्याच डोसचा पूर्ण परिणाम यायचा बाकी होता. उतरतानाही तोच वेग, म्हणून आईला पंधरा दिवस भोगावं लागलं.

ॲम्लोडिपिनला निम्मं व्हायला 30 ते 50 तास लागतात, म्हणजे पातळी स्थिरावायला सात-आठ दिवस. दाब त्यानंतरही थोडा उतरत राहतो. तोवर रोज ठरल्या वेळी मोजून तारखेसकट लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांचा डबा घरातल्या सगळ्यात मोठ्याकडे नको, वही लिहिणाऱ्याकडे असू द्या. हे मी आमच्या घरात आजही भांडून सांगते.

सगळ्याच औषधांचं असं नसतं, पॅरासिटामॉल तासाभरात कामाला लागतं. आणि दाब 180/120 च्या वर गेला, सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलणं अडखळणं असलं, तर आठवडा मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

दादा अजून म्हणतो, ती गोळीच आईला सोसली नाही. तीच गोळी आई चार वर्षं घेतेय, 50 मायक्रोग्रॅम. टीएसएच नॉर्मल आहे.