थिअरीला ‘सिद्धांत’ म्हणावे की ‘उपपत्ती’?

दिग्रसजवळच्या एका गावातून मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या ताईंनी विचारले आहे की, थिअरीला एका पुस्तकात ‘सिद्धांत’ आणि दुसऱ्यात ‘उपपत्ती’ म्हटले आहे, हायपॉथिसिसला (म्हणजे थिअरीवरून काढलेल्या, तपासून पाहायच्या विधानाला) कुठे ‘गृहीतक’ तर कुठे ‘अभ्युपगम’ म्हटले आहे. तेव्हा प्रबंधात काय लिहावे?

माझे मत ‘उपपत्ती’ आणि ‘अभ्युपगम’ या जोडीला आहे. ‘सिद्धांत’ म्हणजे सिद्ध होऊन अंतिम ठरलेला निर्णय. पायथागोरसचा सिद्धांत एकदा सिद्ध झाल्यावर दरवर्षी नवे त्रिकोण मोजून पाहावे लागत नाहीत. मानसशास्त्रातली थिअरी मात्र सतत तपासावी लागते. उपपत्ती आपण ‘लावतो’, आणि ती लागू पडली नाही तर दुसरी लावतो. (जुन्या गणितग्रंथांवरील भाष्यांत ‘उपपत्ती’ म्हणजे सूत्राचे सप्रमाण स्पष्टीकरण असे, हेही येथे नोंदवायला हवे, परंतु आजच्या मराठीत तो अर्थ मागे पडला आहे.)

मागच्या हंगामात आमच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) लाल्या, म्हणजे पाने लाल पडण्याची विकृती, आला, तेव्हा धुऱ्यावर उभे राहून शेजारचे दादा म्हणाले, “मले वाटते, मॅग्नेशियम कमी पडलं असन.” मॅग्नेशियम कमी पडले की पानाचा हिरवेपणा जाऊन लाली चढते, ही झाली उपपत्ती. मग त्यांनी चार ओळींवर मॅग्नेशियम सल्फेट फवारायला आणि लगतच्या चार तशाच सोडायला सांगितले. फवारलेल्या ओळींची नवी पाने हिरवी निघतील, हा झाला अभ्युपगम, कारण तो चुकला असता तर आठ ओळींकडे पाहून कुणालाही ते कळले असते. लाल्या तुडतुड्यांमुळे, नत्राच्या कमतरतेमुळे किंवा पाण्याच्या ताणानेही येतो, म्हणून पाने हिरवी निघाल्यानेसुद्धा दादांची उपपत्ती ‘सिद्ध’ झाली नसती, तिला बळ मिळाले असते.

मानसशास्त्रातही असेच घडते. परस्परविरोधी विचार मनात एकत्र आले की माणूस अस्वस्थ होतो आणि ती अस्वस्थता कमी करू पाहतो, ही बोधात्मक विसंगतीची उपपत्ती मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडली. तिच्यावरून काढलेला अभ्युपगम त्यांनी कार्लस्मिथ यांच्यासह १९५९ मध्ये तपासला: कंटाळवाणे काम करून झाल्यावर ‘ते मजेदार होते’ असे दुसऱ्याला सांगण्यासाठी काही विद्यार्थ्यांना १ डॉलर आणि काहींना २० डॉलर दिले, आणि १ डॉलरवाल्यांनाच ते काम अधिक आवडल्याचे आढळले. याउलट, संयम वापरला की काही काळ तो खर्ची पडतो, ही १९९८ च्या प्रयोगांमुळे गाजलेली उपपत्ती. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या तपासणीत तो परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तिला आधीच ‘सिद्धांत’ म्हणून ठेवले असेल, तर सिद्ध झालेले डळमळले कसे, या पेचात विद्यार्थी विनाकारण सापडतो.

‘गृहीतक’ मला खटकते ते ‘गृहीत धरणे’ या आपल्या रोजच्या बोलण्यामुळे. जे तपासायचे नाही ते आपण गृहीत धरतो. सांख्यिकीत निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरून चालतो, ते खरे गृहीतक. ‘अभ्युपगम’ उच्चाराला जड आहे हे मान्य, पण न्यायदर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, एखादी गोष्ट पुढील परीक्षणासाठी तात्पुरती मान्य करणे, या अर्थाने तो शब्द आलेला आहे.

ताईंनी प्रबंधात ‘या उपपत्तीवरून पुढील अभ्युपगम काढला आहे’ असे लिहावे, आणि निष्कर्ष अनुकूल आले तरी ‘अभ्युपगम सिद्ध झाला’ असे न लिहिता ‘अभ्युपगमास आधार मिळाला’ असे लिहावे.