गुन्हा सिद्ध झालेला नसताना माणसाला जिल्ह्यातून तडीपार कसं करता येतं?

तुम्ही लिहिलंय की चुलत भावाला तडीपारीची नोटीस आली आहे. त्याच्यावर चार गुन्हे दाखल आहेत, एकात तो निर्दोष सुटला, बाकीचे तीन कोर्टात पडून आहेत. एकही गुन्हा सिद्ध नसताना राहत्या घरातून काढता येत असेल तर घटनेतले हक्क काय कामाचे, असं तुम्ही विचारताय.

काढता येतं. आणि ते घटनेत बसतं, हे सुप्रीम कोर्टाने १९५२ सालीच सांगून ठेवलंय. पण ते ज्या अटींवर बसतं, त्या अटी बऱ्याच फायलींमध्ये नुसत्या कागदावर पाळलेल्या असतात. तुमच्या भावाचं काही होणार असेल तर ते तिथेच होईल.

मी वकील नाही. महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. मधली सहा वर्षं प्रांत कार्यालयात फौजदारी टेबलावर होतो. तडीपारीचे प्रस्ताव पोलिसांकडून यायचे ते बारनिशीतून, म्हणजे आवक-जावक टेबलावरून, माझ्याकडेच. नोटिसा काढणं, रोजनामा (सुनावणीत दर तारखेला काय झालं त्याची नोंद) लिहिणं, आदेशाचा मसुदा टाइप करणं ही माझी कामं. गणपती किंवा निवडणूक जवळ आली की टेबलावर गठ्ठा पडायचा.

आधी कायदा कोणता ते बघा. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१. आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्यात कलम ५५ टोळ्यांसाठी आहे, ५७ हे आधी शिक्षा झालेल्यांसाठी. तुमच्या भावाला शिक्षा झालेली नाही आणि नोटीस एकट्याला आहे, म्हणजे बहुतेक ५६ असणार. नोटिशीच्या मथळ्यात बघून घ्या. हा आदेश न्यायाधीश देत नाही. आयुक्तालय असेल तिथे पोलीस उपायुक्त देतात, बाकी जिल्ह्यात प्रांत, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी. ज्या टेबलावर बिनशेती, जातीचे दाखले आणि भूसंपादन चालतं, त्याच टेबलावर. लोकांना याचं आश्चर्य वाटतं. मलाही पहिल्या आठवड्यात वाटलं होतं.

कायद्याच्या लेखी तडीपारी ही शिक्षा नाही, पुढचा त्रास टाळण्याचा उपाय आहे. म्हणून गुन्हा सिद्ध व्हायची वाट बघत नाहीत. घटनेच्या अनुच्छेद १९ ने देशात कुठेही फिरायचा आणि राहायचा हक्क दिलाय, आणि त्याच अनुच्छेदात जनतेच्या हितासाठी त्या हक्कावर वाजवी निर्बंध घालायची मुभाही दिली आहे. सगळं भांडण 'वाजवी' या एका शब्दावर. मुंबई शहरासाठी १९०२ चा जुना पोलीस कायदा होता, त्यातही हीच तरतूद होती. बृहन्मुंबईतून काढलेल्या एका माणसाने तिला आव्हान दिलं, १९५२ चा तो निकाल त्याच प्रकरणातला. कोर्टाने तरतूद टिकवली, पण कारण देऊन: काही माणसांविरुद्ध जिवाच्या भीतीने कोणी उघडपणे साक्ष द्यायला तयार होत नाही, असा कायदा तेवढ्याच अपवादात्मक वेळेसाठी. हे कारण नीट लक्षात ठेवा, कारण अजूनही सगळी इमारत त्या एका वाशावर उभी आहे. माणूस वाईट आहे एवढ्याने भागत नाही. मारहाण, धाकदपटशा, मालमत्तेचे गुन्हे यांच्या जोरावर काढायचं असेल तर साक्षीदार भीतीपोटी पुढे येत नाहीत असं अधिकाऱ्याचं मत झालेलं हवं, आणि त्या मताला कागदावर काहीतरी आधार हवा.

तो आधार म्हणजे गोपनीय जबाब. पोलीस त्याला इन कॅमेरा म्हणतात. बहुतेक वेळा दोन असतात, साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब'. नाव, पत्ता, घटनेची नेमकी तारीख यातलं तुमच्या भावाला काही मिळणार नाही. आरोप कोण करतंय हे न कळता त्याला उत्तर द्यायचंय. नेहमीच्या खटल्यात असं कोणी केलं तर कोर्ट हाकलून देईल.

हे अन्यायाचं आहे असं मला पहिली दोन वर्षं वाटायचं. मग एकदा संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर एक बाई आली. बाजारात कोथिंबीर-मेथी घेऊन बसणारी. बरोबर पोलीस कोणी नव्हतं, साहेबांनीच जबाबाची खातरजमा करायला बोलावली होती. ती आत येताना मागच्या दाराने आली, शिपायाच्या खोलीतून. एक मुलगा दर बुधवारी बाजाराच्या दिवशी तिच्याकडून शंभर रुपये न्यायचा. एकदा दिले नाहीत तर टोपली गटारात उपडी केली. तक्रार का दिली नाही असं साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, "साहेब, पोलीस स्टेशन मला एकदा जायचंय, बाजारात रोज बसायचंय." सही करताना तिने माझ्या हातातला पेन घेतला नाही, अंगठा दिला, आणि निघताना शाई पदराने पुन्हा पुन्हा पुसत राहिली. बोटावर शाई दिसली तर कोणी विचारेल म्हणून. त्या बाईचं नाव त्या पोराला कळावं असं मला आजही वाटत नाही.

आता दुसरी बाजू. दुसऱ्या एका प्रस्तावात 'अ' चा जबाब आणि 'ब' चा जबाब शब्दाला शब्द सारखा. दोघांनाही हॉटेलसमोर अडवलेलं, दोघांच्याही खिशातून पाचशेच काढलेले, दोघांनाही चाकू दाखवलेला. बरं, तेही घडू शकतं म्हणू. पण 'गचांडी' हा शब्द दोन्हीकडे 'गंचाडी' असा टाइप झालेला! मी जुना गठ्ठा काढून बघितला, तर आदल्या वर्षीच्या, अगदी वेगळ्याच माणसाच्या प्रस्तावातही तीच गंचाडी. फाइल साहेबांपुढे ठेवली. साहेब नवीन होते, तापट होते. प्रस्ताव परत गेला, पुन्हा आलाच नाही. साहेब बदलून गेले असते तर तो आदेश निघाला असता, हेही मला माहीत आहे.

म्हणून तुमच्या वकिलांना सांगा की पहिला हल्ला इथे करा. जबाब तुम्हाला दिसणार नाहीत, पण हायकोर्ट मूळ नस्ती, म्हणजे सगळी फाइल, मागवून बघू शकतं आणि बघतं. जबाब कोणी घेतला, वरिष्ठाने साक्षीदाराला समक्ष बोलावून खातरजमा केली की नुसता शिक्का मारला, हे तिथे उघडं पडतं.

नोटिशीबद्दल. कलम ५९ प्रमाणे तुमच्यावरच्या आरोपांचं साधारण स्वरूप लेखी कळवायला लागतं, म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायला लागते, वकील लावता येतो, साक्षीदार तपासायची मागणी करता येते. 'साधारण स्वरूप' म्हणजे किती? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्या. यशवंत चंद्रचूड यांनी सुप्रीम कोर्टात लिहिलेल्या निकालात म्हटलंय की बारीक तपशील दिले तर साक्षीदार ओळखू येतील आणि तरतुदीचा हेतूच बुडेल, त्यामुळे तपशील मागायचा हक्क नाही. म्हणजे 'तारीख दिली नाही म्हणून नोटीस बेकायदा' एवढ्यावर फार भिस्त ठेवू नका. मात्र नोटिशीत नसलेली गोष्ट आदेशात आली असेल, तर ते धरून ठेवा. माझ्या डोळ्यांदेखत असं घडलंय: नोटिशीत चार गुन्हे, आदेशात सहा. मधल्या काळात दोन नवे दाखल झाले होते, आम्ही ते घातले, आणि त्या माणसाला त्यावर बोलायची संधीच दिली नाही. अपिलात आदेश उडाला. चूक आमची होती. माझीच म्हणा, टाइप मी केलं होतं.

निर्दोष सुटलेल्या खटल्याच्या निकालाची प्रमाणित प्रत उत्तराला जोडा. पोलिसांच्या तक्त्यात त्या गुन्ह्यापुढे बऱ्याचदा 'न्यायप्रविष्ट' असंच पडलेलं असतं, कारण तक्ता मागच्या वर्षीचा असतो. आणि एक हिशेब करा: चार गुन्ह्यांपैकी किती जुने? किती शेजाऱ्याशी बांधावरून झालेल्या भांडणाचे? ज्यांनी स्वतःच्या नावाने फिर्याद दिली आहे ते तर उघड पुढे आलेच आहेत, मग घाबरतंय कोण, हेही विचारा. हा मुद्दा दरवेळी चालतो असं नाही, पण लेखी घातलेला बरा. जे प्रांताकडे मांडलंच नाही ते पुढे हायकोर्टात मांडताना जड जातं.

जुन्या गुन्ह्यांवर अलीकडचा सगळ्यात उपयोगी निकाल आपल्या जालन्याचा आहे. जानेवारी २०२२, सुप्रीम कोर्ट, न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक. एका माणसाला जालना जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी काढलं होतं. कोर्टाने आदेश रद्द केला. कारणं वाचण्यासारखी आहेत. एक तर यादीतले काही गुन्हे इतके जुने होते की आत्ता हद्दपार करायच्या गरजेशी त्यांचा जिवंत संबंध उरला नव्हता. दुसरं म्हणजे कायद्यात जास्तीत जास्त मुदत दोन वर्षं आहे, आणि अधिकाऱ्याने ती पूर्णच्या पूर्ण दिली, पण दोनच का, एक का नाही, सहा महिने का नाहीत, याचं एकही कारण लिहिलं नाही. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, माणूस स्वतःच्या घरात बायकापोरांबरोबर राहू शकत नाही, त्याची भाकरी जाते, म्हणून हात राखून वापरा, असा त्या निकालाचा सूर आहे.

खरं सांगतो, आमच्या मसुद्यात 'दोन वर्षे' हे आधीच टाइप केलेलं असायचं. तारीख आणि नाव तेवढं बदलायचं. दोन वर्षं का, हे मी कधी कोणाला विचारलं नाही. क्षेत्राचंही तेच. गुन्हे सगळे एका पोलीस ठाण्याच्या हद्दीतले, आणि काढायचं अख्ख्या जिल्ह्यातून, वर लगतच्या दोन जिल्ह्यांतून. शेजारचं क्षेत्र जोडायला कायद्याची मनाई नाही, एसटीने अर्ध्या तासात परत येता येत असेल तर नुसता तालुका बंद करून काय फायदा. पण का जोडलं ते लिहायला लागतं. मुंबई हायकोर्टाने या एका कारणावरून किती आदेश उडवले असतील त्याची गणती नाही.

हे सगळं वाचून 'गुंडांना सोडवायच्या युक्त्या सांगतो' असं म्हणणारे येतील. येऊ द्या. दिल्लीत ऐंशीच्या सुमारास एका सिनेमागृहाजवळ पाणी विकणारा एक माणूस होता. पोलिसांनी त्याला ठेवणीतला साक्षीदार करून ठेवलं होतं. त्याच्या म्हणण्यानुसार हजारो खटल्यांत त्याची साक्ष झाली होती, आकडा तीन हजार. एक दिवस तो म्हणाला, बस झालं, आता खोटं बोलणार नाही. त्याच्या हातात हद्दपारीची नोटीस पडली. १९८० साली सुप्रीम कोर्टात न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे ते प्रकरण गेलं आणि त्यांनी पोलिसांना चांगलंच सुनावलं. कोथिंबीरवालीला वाचवणारा कायदा आणि पाणीवाल्याला ठेचणारा कायदा एकाच मसुद्यातून निघतो. दोन्हीकडे सही प्रांताची किंवा उपायुक्ताची. त्यामुळे जबाब खरा आहे का हे कोणीतरी बसून तपासतं की नाही, याच्यावर सगळं आहे. दुसरं कुलूप त्या दाराला नाही.

आता तुमचं काम. उत्तराची मुदत चुकवू नका. सुनावणीच्या तारखेला भावाने जायचंच, गैरहजर राहिला तर रोजनाम्यात 'संधी देऊनही उपस्थित नाही' असं लिहिलं जातं आणि ते वाक्य पुढे फार महागात पडतं. जे द्याल त्याची पोच घ्या, आवक क्रमांक आणि तारखेसकट. आदेश झालाच तर ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील आहे. त्यानंतर हायकोर्ट. नुसतं अपील केल्याने आदेश थांबत नाही, स्थगिती वेगळी मागायला लागते.

आणि आदेश लागू असताना गुपचूप घरी यायचं नाही. आदेशात बाहेर पडायचा मार्ग आणि वेळ दिलेली असते, आत दिसला तर पोलीस उचलतात, कलम १४२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आमच्याकडचा एक पोरगा बहिणीच्या हळदीला आला होता, फक्त एका रात्रीसाठी. मांडवातूनच नेला. त्याच्यावर आधीचे पाच गुन्हे होते, त्यातला एकही सिद्ध झाला नाही. सिद्ध झाला तो हळदीचा. लग्न, मयत, कोर्टाची तारीख अशा कामासाठी ठरावीक दिवसांची परवानगी अर्ज करून मिळते. त्याच्या घरच्यांनी अर्ज लिहून ठेवला होता म्हणे, लग्नपत्रिका जोडून. द्यायचा राहिला.