पायलोरीच्या गोळ्यांनी तोंड कडू झालंय, पोट बिघडलंय. कोर्स मध्येच सोडू का?

नका सोडू. पण आजच डॉक्टरांना एक फोन करा, आणि तो तोंडाच्या कडवटपणासाठी नव्हे.

तुम्ही लिहिलंय ते असं: एंडोस्कोपीत अल्सर निघाला, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी पॉझिटिव्ह आली. १४ दिवस सकाळ-संध्याकाळ आम्ल दाबणारी पित्ताची गोळी पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, आणि दोन अँटिबायोटिक्स: अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम आणि क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम. आज चौथा दिवस. तोंडाला विचित्र चव, मळमळ, दिवसातून दोन-तीनदा पातळ होतंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता: कोलेस्टेरॉलची अटोर्वास्टॅटिन ४० आणि बीपीची अम्लोडिपिन आधीपासून चालू आहे. फोन करायचा तो या शेवटच्या वाक्यासाठी.

क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातलं एक एन्झाइम अडवून धरतं. अटोर्वास्टॅटिन, अम्लोडिपिन आणि अशा बऱ्याच औषधांचा निचरा करायचं काम त्याच एन्झाइमकडे असतं. ते अडलं की गोळी तुम्ही नेहमीचीच घेता, पण रक्तातलं तिचं प्रमाण चढत जातं. स्टॅटिन (अटोर्वास्टॅटिनच्या गटातलं कोलेस्टेरॉलचं औषध) असं साचलं तर स्नायूंच्या पेशी फुटू शकतात आणि त्यातून बाहेर पडलेलं प्रथिन मूत्रपिंडात अडकून बसतं. म्हणून सिम्वास्टॅटिन क्लॅरिथ्रोमायसिनसोबत द्यायचंच नसतं आणि अटोर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर न्यायचं नसतं. तुमची ४० ची आहे. बहुतेक वेळा डॉक्टर कोर्स संपेपर्यंत स्टॅटिन थांबवायला सांगतात. तेवढ्या दिवसांत कोलेस्टेरॉलमुळे काही बिघडत नाही. मात्र हृदयात स्टेंट असेल किंवा अलीकडे झटका येऊन गेला असेल तर स्वतःहून थांबवू नका. तिथे त्या एन्झाइमवर अवलंबून नसलेली रोसुवास्टॅटिन देणं किंवा अँटिबायोटिकच बदलणं असे पर्याय असतात, आणि तो निर्णय डॉक्टरांचा. तोवर मांड्या-खांदे व्यायाम न करता दुखू लागले किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

अम्लोडिपिनचंही तसंच. बीपी नेहमीपेक्षा खाली येऊ शकतं, पाय सुजू शकतात. घरी मशीन असेल तर हे दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा. अंथरुणातून उठताना डोळ्यांसमोर अंधारी आली तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

हाच प्रश्न पडलेले आणखी लोक हे वाचतील, म्हणून क्लॅरिथ्रोमायसिनशी न जमणाऱ्या इतर गोळ्याही सांगतो. गाऊटसाठीचं कोल्चिसिन: मूत्रपिंड कमजोर असेल तर ही जोडी जिवावर बेतू शकते. हृदयासाठीचं डिगॉक्सिन. रक्त पातळ करणारी वॉरफरिन (घेत असाल तर कोर्स चालू असतानाच आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, करून घ्या). फिटसाठीची कार्बामाझेपिन. अर्धशिशीच्या ज्या गोळ्यांत अर्गोटामिन असतं त्या. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनी साखर एकदम खाली येऊ शकते, त्यामुळे थरथर, घाम, छातीत धडधड झाली तर आधी साखर खा आणि मग ग्लुकोमीटर शोधा.

एक गोष्ट आपल्याकडे सर्रास नजरेतून सुटते. पित्ताच्या गोळीच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल तर तिच्यात डॉम्पेरिडोन हे मळमळीचं औषध असतं. क्लॅरिथ्रोमायसिनसोबत ते द्यायचं नसतं, कारण दोन्ही मिळून हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात. चिठ्ठीवर नुसतं पॅन्टोप्राझोल असताना दुकानातून ‘तेच आहे, घ्या’ म्हणून ‘डी’वाली स्ट्रिप हातात पडते. तुमची स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. मळमळ थांबवायला घरात पडलेली डॉम्पेरिडोनची गोळीही याच कारणासाठी नको. उलटीसाठीचं ऑन्डान्सेट्रॉनही लयीवर परिणाम करतं, तेव्हा तेही विचारूनच.

आता तुमच्या मूळ तक्रारींकडे वळू. तोंडातली कडू, नाणं चघळल्यासारखी चव ही क्लॅरिथ्रोमायसिनची खूणच म्हणा ना. औषध रक्तातून लाळेत उतरतं, म्हणून चूळ भरून किंवा तीनदा ब्रश करून ती जात नाही. ती निरुपद्रवी आहे आणि शेवटच्या गोळीनंतर थोड्या दिवसांत विरते. तोवर लवंग, बडीशेप, सुकवलेला आवळा किंवा साखर नसलेलं च्युइंगगम तोंडात ठेवा. कडू लागते म्हणून गोळी कुटून मधात कालवू नका. क्लॅरिथ्रोमायसिनचं वरचं आवरण चव झाकण्यासाठीच असतं. पॅन्टोप्राझोलचं आवरण तर ते जठरातल्या आम्लात नासू नये म्हणून असतं. ती गोळी चुरली की औषध वाया गेलं समजा.

मळमळ बऱ्याचदा वेळ चुकल्यामुळे वाढते. पॅन्टोप्राझोल उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा ते पाऊण तास आधी. आम्ल तयार करणारे पंप खाताना जागे होतात आणि हे औषध जाग्या पंपांनाच बंद करतं, म्हणून ते आधी रक्तात पोचलेलं हवं. अँटिबायोटिक्स मात्र खाल्ल्यावर लगेच. उदाहरणार्थ, साडेसातला पॅन्टोप्राझोल, सव्वाआठला नाश्ता आणि त्यावर बाकीच्या गोळ्या. संध्याकाळी पुन्हा हेच, साधारण १२ तासांच्या अंतराने. नाश्ता म्हणजे पोहे, उपमा, पोळी-भाजी असं काहीतरी. चहा-बिस्किटावर अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन टाकलं की पोट ढवळणारच. किट स्वरूपात औषध मिळालेल्यांची इथे हमखास चूक होते. सकाळच्या तिन्ही गोळ्या एकाच कप्प्यात असतात, म्हणून तिन्ही एकदम जेवणानंतर घेतल्या जातात आणि पित्ताच्या गोळीचा निम्मा उपयोग तिथेच संपतो. कोर्स अजून सुरू व्हायचा असेल तर या दोन आठवड्यांत कडक उपास, लांबचा प्रवास किंवा घरचं लग्न येत नाही ना ते पाहून सुरुवात करा. उशीर फार न लावता चार दिवस मागेपुढे झाले तर चालतं, मध्ये खंड पडलेला चालत नाही.

खंड का चालत नाही? हा जंतू जठराच्या आतल्या चिकट थराखाली लपलेला असतो. आम्ल जास्त असलं की तो विभाजन थांबवून पडून राहतो, आणि अमॉक्सिसिलिन फक्त विभाजन होत असलेल्या जंतूला मारतं. क्लॅरिथ्रोमायसिन आम्लात स्वतःच टिकत नाही. म्हणून आधी आम्ल दाबायचं, जंतूला वाढू द्यायचं आणि त्याच वेळी दोन वेगळ्या बाजूंनी त्याला गाठायचं. सहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून कोर्स सोडलात तर मरायचे ते कमकुवत जंतू मेलेले असतात आणि उरलेल्यांवर क्लॅरिथ्रोमायसिन पुन्हा चालेलच असं नाही. एखादी गोळी विसरलीच तर आठवल्यावर घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या. दोन वेळच्या एकदम घेऊ नका.

जुलाबाचं म्हणाल तर दिवसातून दोन-तीनदा पातळ, ताप नाही, रक्त नाही, म्हणजे अँटिबायोटिकने आतड्यातले नेहमीचे जंतू विस्कटले आहेत, एवढंच. ओआरएस, मऊ भात, ताक, शहाळ्याचं पाणी. तिखट आणि तळलेलं थोडे दिवस बाजूला. सॅकरोमायसिस बुलार्डी नावाची यीस्ट असलेली प्रोबायोटिक कॅप्सूल डॉक्टरांना विचारून घेता येईल; ती यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिक तिला मारत नाही. जिवाणूंचं प्रोबायोटिक असेल तर अँटिबायोटिकपासून दोन तास लांब ठेवा. जुलाब बंद करणारी लोपेरामाइडची गोळी मनाने घेऊ नका. कारण पाण्यासारखे जुलाब वारंवार, पोटात कळा, ताप किंवा शौचातून रक्त असं झालं तर तो क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचा संसर्ग असू शकतो, आणि तेव्हा आतडं थांबवणं धोक्याचं. हा त्रास कोर्स संपून काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो. त्या वेळी जुलाबाच्या नव्या डॉक्टरांना ‘महिन्यापूर्वी अँटिबायोटिक झालंय’ हे आवर्जून सांगा. जिभेवर पांढरा थर किंवा बायकांना खाली खाज येणं ही बुरशीची लक्षणं. त्यावर साधा उपचार असतो. तेवढ्यासाठी कोर्स सोडायची गरज नसते.

कोर्स थांबवून धावायचं कधी, तेही पक्कं लक्षात ठेवा. अंगावर गांधी उठणं, ओठ-पापण्या सुजणं, घसा आवळणं, धाप लागणं: पुढची गोळी घ्यायची नाही, थेट दवाखाना. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घराण्यातलं आहे; आधी कधी पेनिसिलिनची रिअॅक्शन आली असेल आणि सांगायचं राहिलं असेल तर आत्ता सांगा. तापाबरोबर तोंडात फोड, कातडी सोलवटणं. डोळे पिवळे होणं. छातीत धडधडून चक्कर येऊन पडणं: हेही याच यादीत.

तुमच्या कोर्समध्ये मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल हे अँटिबायोटिक नाही, पण बऱ्याच जणांच्या किटमध्ये असतं. त्याने लघवी गडद तपकिरी होऊ शकते. तेवढ्याने घाबरू नका. दारू मात्र पूर्ण बंद, शेवटच्या गोळीनंतरही तीन दिवस. चेहरा लाल होणं, उलट्या, डोकं ठणकणं, धडधड असा त्रास होऊ शकतो. ‘आम्ही घेतच नाही’ म्हणणाऱ्यांनीही कपाट उघडून पाहावं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट ही आसवं-अरिष्टं आंबवून बनवतात, त्यांच्यात मद्यार्क असतोच. खोकल्याच्या काही औषधांतही असतो. हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आला तर कळवा. शिवाय आपल्याकडच्या जंतूंमध्ये मेट्रोनिडाझोलला न जुमानणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे, कारण जुलाब म्हटलं की हीच गोळी वर्षानुवर्षं खाल्ली जाते. आणखी एक: जुन्या पद्धतीच्या ७ दिवसांच्या किटमध्ये क्लॅरिथ्रोमायसिन एका वेळेला २५० मिलिग्रॅमच असतं. आज शिफारस ५०० ची आणि १४ दिवसांची आहे. असं किट मिळालं असेल तर डॉक्टरांना विचारा. मनाने दोन-दोन गोळ्या घेऊ नका.

बिस्मथ आणि टेट्रासायक्लिनचा चार औषधांचा कोर्स असेल तर शौच आणि जीभ काळी पडते. तो बिस्मथचा रंग. पण शौच डांबरासारखं चिकट, घाण वासाचं आणि सोबत चक्कर, अशक्तपणा असेल तर ते अल्सरमधलं रक्त समजून लगेच जा. टेट्रासायक्लिन दूध, दही, लोह, कॅल्शियम, अँटासिड यांच्याबरोबर घेतलं तर त्यांच्याशी बांधलं जातं आणि शोषलं जात नाही, म्हणून दोन तासांचं अंतर. पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्या, घेतल्या घेतल्या आडवे होऊ नका, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पडतो. उन्हात कातडी भाजते. गरोदरपणी आणि लहान मुलांना हे औषध देत नाहीत.

लिवोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक असेल तर टाचेच्या वरची शीर दुखू लागताच थांबून फोन करा, विशेषतः साठी उलटलेल्यांनी आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांनी. मधुमेहात साखर दोन्हीकडे झुलते. आणि तीन-चार आठवड्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं असं काही असेल तर ते आधी सांगा. हे औषध क्षयरोगाच्या जंतूवरही चालतं, त्यामुळे टीबी असेल तर तो काही काळ झाकला जातो आणि निदान लांबतं.

कोर्स संपला, पोट बरं झालं, म्हणजे जंतू गेला असं धरू नका. लक्षणांवरून ते कळत नाही. युरिया ब्रेथ टेस्ट (श्वासाची तपासणी) किंवा शौचातल्या अँटिजेनची (जंतूच्या अंशांची) तपासणी शेवटच्या अँटिबायोटिकनंतर निदान चार आठवड्यांनी करायची, आणि त्याआधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल बंद हवं. नाहीतर जंतू असूनही अहवाल निगेटिव्ह येतो. तुमचा कोर्स संपायला दहा-अकरा दिवस आहेत. अल्सर भरण्यासाठी पॅन्टोप्राझोल पुढे चालू ठेवायला सांगितलं असेल तर तपासणीची तारीख ते बंद झाल्यापासून मोजा. त्या दोन आठवड्यांत जळजळ उसळली तर साधं अँटासिड चालतं. रक्ताची अँटिबॉडी तपासणी कुणी सुचवली तर पैसे घालवू नका; जंतू गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते.

चिठ्ठी आणि रिकाम्या स्ट्रिप्स फेकू नका. अहवाल पॉझिटिव्ह आलाच तर दुसऱ्या खेपेला क्लॅरिथ्रोमायसिन पुन्हा वापरत नाहीत, आणि आधी कोणतं औषध किती दिवस झालं हे नव्या डॉक्टरांना त्या कागदावरूनच कळेल.