राग नव्हताच त्याच्या चेहऱ्यावर

प्रश्न : मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात राहते. इथल्या एका शाळेत चौथीच्या वर्गावर मदतनीस आहे. वर्गातला एक कृष्णवर्णीय मुलगा गणित अडलं की कपाळाला आठ्या घालतो. बाई लगेच म्हणतात, "झालं, चिडला हा." मला तर तो गोंधळलेला दिसतो. बाई प्रेमळ आहेत, मुद्दाम दुजाभाव करणाऱ्या नाहीत. मग माझंच चुकतंय का?

उत्तर : ताई, तुमचं चुकत नसावं. तुमच्याच राज्यातल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या एमी हॅल्बरस्टॅट आणि सहकाऱ्यांनी १७८ भावी शिक्षकांना मुलांच्या चेहऱ्यांच्या ७२ छोट्या चित्रफिती दाखवल्या होत्या. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. राग नसतानाही तो कृष्णवर्णीय मुलांच्या चेहऱ्यावर गोऱ्या मुलांपेक्षा जास्त वेळा 'दिसला'. मुलींच्याही! हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

प्रेमळ माणसाकडून असं कसं होतं? ह्यूगनबर्ग आणि बोडेनहाउझेन या मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा प्रयोग इथे उपयोगी पडतो. संगणकावर एक रागीट चेहरा हळूहळू निवळत जायचा; राग कधी मावळला ते गोऱ्या प्रेक्षकांनी सांगायचं. ज्यांच्या मनात नकळत पूर्वग्रह होता, त्यांना कृष्णवर्णीय चेहऱ्यावर राग जास्त वेळ रेंगाळलेला दिसला. ते उघडपणे काय मतं मांडत होते, याचा त्याच्याशी संबंध आढळला नाही. आठ्या रागाच्याही असतात, विचाराच्याही. चेहरा असा अर्धवट बोलतो तेव्हा उरलेलं वाक्य आपलं मन पुरं करतं, आणि 'ही माणसं तापट' हा समज तिथे आयता हजर असतो.

मला खरी काळजी पुढची आहे. न आलेल्या रागाबद्दल मूल बोलणी खातं, मग खरोखर चिडतं, आणि बाईंना वाटतं, आपलं बरोबरच होतं.

म्हणून बाईंना पूर्वग्रहावर व्याख्यान देऊ नका. त्या दुखावतील आणि त्या मुलाच्या पदरात काहीच पडणार नाही. त्याच्या शेजारी बसा आणि त्यांना ऐकू जाईल असं विचारा, "कुठे अडलं रे?" तो बोट ठेवून दाखवेल. वर्गाच्या नोंदवहीत 'चिडला' असं लिहू नका. 'आठ्या घातल्या, पेन्सिल खाली ठेवली, तिसरं गणित अडलं' असं लिहा. पालकसभेत त्याच्या आईसमोर हीच वही उघडली जाणार आहे.