पथ्य सांगण्याआधी चालू गोळ्या पाहाव्यात

निपाणी भागातील उपकेंद्रात आपण नव्याने रुजू झाला आहात, मधुमेहाच्या रुग्णांना आहाराचा छापील तक्ता देता, ते मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यात साखर पुन्हा तेवढीच भरते. तेव्हा भात आणि रात्रीचे जेवण सरळ बंदच करायला सांगावे का, असे आपण विचारले आहे. हे शेवटचे वाक्य वाचल्यावर मी उत्तर लिहायला बसलो, कारण जवळजवळ हेच मी खानापूर तालुक्यातील माझ्या दवाखान्यात एका बाईंना सांगितले होते. तपासण्या कोणत्या कराव्यात, साखर किती असावी, हे आपल्याला ठाऊक आहेच. ते इथे लिहीत नाही.

बाई साठीच्या पुढच्या, शेतकरी घरातल्या होत्या. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन्ही गोळ्या त्यांना चालू होत्या. तीन महिने साखर उतरेना, म्हणून मी काहीशा त्रासिक स्वरात त्यांना दुपारचा भात अर्धा करायला आणि रात्री नुसती भाजी व ताक घ्यायला सांगितले. तोवर पथ्याच्या बाबतीत माझे कोणी फारसे ऐकत नसे, तेव्हा याही ऐकणार नाहीत असे मी मनाशी धरून चाललो आणि गोळ्यांची चिठ्ठी होती तशीच ठेवली. बाईंनी मात्र सांगितलेले सगळे तंतोतंत पाळले. आठवड्याने एकादशी आली. तो दिवस त्यांनी चहा आणि एका रताळ्यावर काढला, पण औषध कधी चुकवायचे नाही असे मीच बजावले असल्यामुळे गोळ्या मात्र वेळेवर घेतल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलाने पाहिले तेव्हा त्या घामाने भिजलेल्या होत्या आणि असंबद्ध बोलत होत्या. घरच्यांना आधी बाहेरचे काही झाले असे वाटले, मग अर्धांगाचा झटका वाटला, आणि या विचारात तासभर गेला. शहरातील रुग्णालयात नेल्यावर साखर धोक्याइतकी खाली, ३८ भरली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या शुद्धीवर आल्या. परंतु ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर टिकत असल्यामुळे साखर पुन्हा उतरण्याची भीती असते, म्हणून त्यांना दोन दिवस ठेवून घ्यावे लागले.

ग्लिमेपिराइड किंवा जुनी ग्लायबेनक्लामाइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. वय झालेल्या किंवा मूत्रपिंड अशक्त असलेल्या रुग्णात तो परिणाम अधिक लांबतो. एकट्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. हे सारे मला त्या दिवशीही ठाऊक होते. आहाराचा सल्ला आणि औषधाचा डोस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी वागलो, ही माझी चूक होती, आणि तिची किंमत त्या बाईंनी मोजली. त्या वाचल्या, पण मुलाच्या आग्रहाने पुन्हा पूर्वीसारख्या जेवू लागल्या. पुढे दोन वर्षे त्यांच्या वाडीतील कोणाही रुग्णाशी आहाराचा विषय काढला की एकच उत्तर येई: ‘‘नको डाक्टर, पथ्य केलं की घेरी येतीया.’’ त्यांना खोडून काढायला माझ्यापाशी शब्द नव्हते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की जेवण कमी करायला सांगण्याआधी रुग्णाच्या गोळ्यांची पाकिटे प्रत्यक्ष मागवून पाहावीत. ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर केसपेपरवर आहारातील बदल लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे आणि डोसचा निर्णय त्यांच्याकडून घ्यावा. आपण स्वतः तो बदलू नये. जेवण मात्र चुकवायला सांगूच नये. साखर ७० च्या खाली आली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, हे घरातल्या माणसांकडून वदवून घ्यावे.

आता भाताविषयी. मी आहारतज्ज्ञ नाही. गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना माझा सल्ला लागू धरू नये. परंतु भात बंद हे वाक्य मी आता कोणालाच सांगत नाही. खानापूरकडे भात हेच पीक आणि भात हेच जेवण. त्यात कर्नाटक सरकारची अन्नभाग्य योजना २०१३ साली सुरू झाल्यापासून गरीब घरात रेशनचा तांदूळ हाच मोठा आधार आहे. तो बंद करून विकतची ज्वारी खा, असे सांगताना आपण त्या घराचा खर्च वाढवत असतो. आपल्या निपाणी-चिक्कोडीकडे ज्वारी आहे, पण तिथे भाकरी चालते म्हणून तीन-तीन खाल्ल्या जातात, आणि तीही शेवटी पिष्टच आहे. भात एकदाच वाढून घ्यावा, आधी भाजी आणि मटकीची, चवळीची किंवा हुलग्याची उसळ खावी, भात शेवटी घ्यावा, एवढ्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढते.

तक्ता देण्याऐवजी ‘काल सकाळपासून काय काय खाल्ले’ हा एकच प्रश्न विचारून स्वस्थ ऐकावे. दिवसाला सहा कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम साखर, हे अशा वेळीच कळते. गूळ चालतो या समजुतीने साखर सोडून गूळ धरलेलेही बरेच भेटतात, कारण उसाच्या या मुलखात गूळ घरचाच असतो. रक्तातील साखरेच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक नाही, हे त्यांना न रागावता सांगावे. एका भेटीत एकच बदल ठरवावा, आणि तो स्वयंपाक करणाऱ्या सुनेला किंवा पत्नीला समोर बसवून ठरवावा. पुरुष रुग्ण एकटाच आला असेल तर मी आहाराचे बोलणे पुढच्या भेटीवर टाकतो.

छापील तक्त्यांविषयी मनात राग आहे, तो लपवत नाही. ज्या कार्यालयाकडून ते येत, तिथे मी मराठी वाचणाऱ्या रुग्णांसाठी मराठी प्रती मिळाव्यात म्हणून तीनदा लेखी विनंती केली. कन्नड प्रती असाव्यातच, माझी मागणी जोडीला मराठीची होती. एकदाही उत्तर आले नाही. आलेल्या तक्त्यात ओट्स, सफरचंद आणि ब्राउन ब्रेड होते. हुलगे, नाचणी, अंबाडी यांचा उल्लेखही नव्हता. वाचता न येणारा आणि घरात नसलेल्या पदार्थांनी भरलेला कागद रुग्णाने घडी घालून ठेवला, यात त्याचा दोष नाही. मी शेवटी पाटकोऱ्या कागदावर ताटाचे चित्र काढून देऊ लागलो: अर्ध्या ताटात भाजी, पाव भागात उसळ किंवा डाळ, उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी.

बदल ठरल्यावर दोन आठवड्यांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी इतक्या लवकर करून उपयोग नाही. आषाढी जवळ आली आहे. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असलेल्या आपल्या रुग्णांची यादी आशाताईंकडून या आठवड्यातच काढून घ्यावी, उपवास कोण करणार आणि वारीला चालत कोण जाणार हे विचारून घ्यावे, आणि त्या दिवसांच्या गोळ्यांविषयी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून आधीच लिहून घ्यावे. वारीला जाणाऱ्याच्या पिशवीत साखरेची पुडी असावी, आणि ती कशासाठी आहे हे त्याच्या सोबत्यालाही माहीत असावे.